मातीच्या गोळ्यातला हिशेब

खळ्यावर धान्य मोजायला बसलेली जुनी जाणती माणसे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणायचे, मग ‘दोन’, ‘तीन’. मध्येच कोणी रामराम घातला, बोलण्याच्या नादात आकडा चुकला, तर? म्हणून ठरावीक मापे झाली की एक खडा बाजूला ठेवायचा. शेवटी खडे मोजले की झाला हिशेब. धान्य देणाराही ते मोजी, घेणाराही मोजी. दोघांनाही लिहिता-वाचता येत नसलं तरी काही अडत नसे, कारण हिशेब दोघांच्या डोळ्यांसमोर असायचा.

हा खड्यांचा हिशेब किती जुना असेल? त्याचा चांगला सलग पुरावा सापडतो तो आपल्यापासून बराच दूर, आजच्या इराक देशात. टायग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांमधल्या सपाट मुलखाला इतिहासात मेसोपोटेमिया म्हणतात. सुमेर आणि बाबिलोन ही तिथलीच राज्ये. पाऊस बेताचा, पाटाच्या पाण्यावर शेती, जव अर्थात सातू हे मुख्य पीक, खजुराच्या बागा आणि मेंढरांचे कळप. पेरणी थंडीच्या तोंडावर आणि काढणी उन्हाळ्याच्या सुरुवातीला. आपल्या भाषेत सांगायचे तर सारा रब्बीचा कारभार. जगातल्या गणिताची आणि लेखनाची सुरुवात ज्या मोजक्या ठिकाणी झाली त्यात हा मुलूख फार पुढे होता. आणि ही सुरुवात झाली ती पंडितांच्या चर्चेतून नव्हे, तर धान्य, मेंढरे, जमीन आणि मजुरी यांच्या हिशेबातून.

खड्यापासून अक्षरापर्यंत

सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून पश्चिम आशियातल्या खेड्यांत मातीचे छोटे छोटे खडे सापडतात. कोणी गोटीसारखे, कोणी शंकूसारखे, कोणी चपट्या टिकलीसारखे. बरीच वर्षे उत्खनन करणाऱ्यांना यांचे काय करावे ते कळत नव्हते. मुलांची खेळणी म्हणून त्यांची नोंद व्हायची. डेनिस श्मांट-बेसरात या विदुषींनी हजारो खडे तपासून मत मांडले की हे मोजणीचे खडे आहेत; एका आकाराचा खडा म्हणजे धान्याचे एक माप, दुसऱ्या आकाराचा म्हणजे एक जनावर. सगळ्याच खड्यांबाबत हे मत सर्वांना मान्य नाही. पण पुढच्या काळात जे घडले ते पाहिले की खड्यांचा आणि हिशेबाचा संबंध स्पष्ट दिसतो.

इ.स.पू. ३५०० च्या सुमारास लोक हे खडे मातीच्या पोकळ गोळ्यात घालून गोळा बंद करू लागले. ओल्या गोळ्यावर संबंधितांच्या मुद्रा उमटवायच्या आणि गोळा वाळू द्यायचा. आता बघा यातली खुबी. धन्याने मेंढरे धनगराच्या ताब्यात दिली. जितकी मेंढरे तितके खडे गोळ्यात गेले. वर्षाने मेंढरे परत आली की गोळा सर्वांसमोर फोडायचा. धन्याला ‘मी जास्त दिली होती’ म्हणता येत नाही आणि धनगराला ‘मला कमीच मिळाली होती’ म्हणता येत नाही. मुद्रा फोडल्याशिवाय आतला खडा कमी करता येत नाही की वाढवता येत नाही.

इराकमधल्या किर्कुक शहराजवळ नुझी नावाचे जुने गाव होते. तिथे गेल्या शतकात झालेल्या उत्खननात असा एक गोळा मिळाला. त्याच्यावर लिहिले होते की इतक्या व्यालेल्या मेंढ्या, इतके मेंढे, इतकी कोकरे, इतक्या शेळ्या. सारी मिळून पन्नासाला एक-दोन कमी. गोळ्याच्या आत तेवढेच खडे निघाल्याची नोंद आहे. पुढे ते खडे गहाळ झाले, हा भाग वेगळा! हा गोळा साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे लेखनकला रुळून दीड हजारांहून अधिक वर्षे झाल्यानंतरचा आहे. मग लिहिता येत असताना खडे कशाला? अभ्यासकांनी लावलेला अर्थ साधा आहे. वरचे लेखन कारकुनासाठी आणि आतले खडे अक्षर न येणाऱ्या धनगरासाठी.

गोळ्याची एक अडचण होती. आत काय आहे ते पाहायचे तर तो फोडावा लागे. म्हणून काही ठिकाणी खडा आत टाकण्यापूर्वी बाहेरच्या ओल्या मातीवर त्याचे ठसे उमटवू लागले. बाहेरच ठसे दिसत असतील तर आत खडे तरी कशाला? हळूहळू पोकळ गोळ्याच्या जागी मातीची भरीव पाटी आली. पाटीवर आकड्यांचे ठसे आणि बाजूला वस्तूचे चित्र. त्या चित्रांची पुढे अक्षरे झाली. दक्षिण इराकमधल्या उरूक शहरात इ.स.पू. ३३०० ते ३००० या काळातल्या हजारो पाट्या मिळाल्या आहेत. त्यांत ना काव्य, ना राजाची स्तुती. बहुतेक साऱ्या पाट्या धान्य, जनावरे, मजूर आणि जमीन यांच्या हिशेबाच्या. उरलेल्या शब्दांच्या याद्या, शिकाऊ कारकुनांनी घोकण्यासाठी. त्या काळच्या एका प्रसिद्ध पाटीवर २९,०८६ मापे जव आणि ३७ महिने असा हिशेब असून ‘कुशिम’ असे नाव आहे. हे माणसाचे नाव की हुद्द्याचे, यावर वाद आहे. माणसाचे असेल तर जगात लिहिले गेलेले ते अगदी पहिल्या काही नावांपैकी एक ठरते, आणि ते नाव धान्याच्या कोठाराचा हिशेब ठेवणाऱ्याचे आहे!

पाटी आली, सत्ता हलली

पाटी सोयीची खरी, पण तिच्यामुळे एक गोष्ट बदलली. खडे कोणालाही मोजता येत. पाटी वाचायला मात्र शिकलेला माणूस लागतो. हिशेब आता मंदिराच्या आणि राजवाड्याच्या कारकुनाच्या हाती गेला.

ही कारकुनी सोपी नव्हती. निप्पूर शहरातल्या शाळांच्या पाट्या मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. पोरे त्यांवर पाढे लिहून काढीत. आपल्याकडे जुन्या मास्तरांनी पावकी, निमकी, पाउणकी घोकून घेतली, तसाच प्रकार. भागाकार करायचा तर तिथले विद्यार्थी उलट्या संख्येचा पाढा वापरीत. चाराने भागायचे म्हणजे पाव पटीने गुणायचे.

त्यांची मोजणी दहावर न थांबता साठावर जाई. साठ हाच आकडा का? एक तर्क असा की अंगठ्याने उरलेल्या चार बोटांची पेरं मोजली तर बारा होतात; बारा झाले की दुसऱ्या हाताचे एक बोट मिटायचे; पाच बोटे मिटली की साठ. आपल्याकडेही बाया-माणसे पेरांवर मोजतातच. हा तर्क खरा असो-नसो, साठाची सोय मात्र खरी आहे. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस या साऱ्यांनी पुरा भाग जातो. रुपयाचे सोळा आणे चार भावांत नीट वाटता येतात, पण तिघांत वाटायला बसले की भांडण. साठाचे तसे नाही. मजुरांना धान्य वाटायचे, पाटाचे काम टोळ्यांत विभागायचे, अशा कामाला हा आकडा उत्तम. आज तासाची साठ मिनिटे आणि वर्तुळाचे ३६० अंश आपण मोजतो ते याच हिशेबाचे वारस आहेत.

कारकुनाच्या हाती हिशेब गेला तरी जुनी गोळ्याची युक्ती लोक विसरले नाहीत. कर्जाची किंवा जमिनीची पाटी लिहून झाली की तिच्यावर मातीचेच पाकीट चढवायचे आणि पाकिटावर तोच मजकूर पुन्हा लिहून मुद्रा उमटवायच्या. पुढे वाद झाला की पाकीट फोडून आतली पाटी वाचली जाई. बाहेर कोणी खाडाखोड केली असेल तर तिथेच उघड. नक्कल आणि अस्सल एकाच ठिकाणी, अशी ही सोय.

माप कोणाचे?

आकडा बरोबर असला म्हणजे हिशेब बरोबर होतो असे नाही. दहा मापे दिली आणि दहा मापे घेतली. पण देताना माप लहान आणि घेताना मोठे असेल तर? आपल्याकडे पायली गावोगाव वेगळी असायची. शिवाय माप सपाट करून द्यायचे की शीग लावून, हा घासाघिशीचा विषय. मेसोपोटेमियातही तेच. तिथले लहान माप सिला, साधारण एक लिटरचे. तीनशे सिला म्हणजे एक गुर. सरकारी कामावरच्या पुरुष मजुराला महिन्याला साठ सिला जव आणि बाईला तीस, असा नेहमीचा रतीब होता. कर्जाच्या पाट्यांवर अनेकदा कोणत्या मापाने परतफेड करायची तेही लिहिलेले असे, उदाहरणार्थ सूर्यदेवाच्या देवळातल्या मापाने. देवळातले माप म्हणजे दोघांनाही मान्य असलेले माप.

ऊर शहराचा राजा ऊर-नम्मू याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा इ.स.पू. २१०० च्या सुमाराचा आहे. आज हाती असलेल्या कायद्यांच्या संहितांत हा सर्वांत जुना. त्याच्या प्रस्तावनेत राजा ज्या कामांचा अभिमान सांगतो त्यात एक काम आहे सिलाचे माप काशाचे करून ठरवून देणे आणि वजने एकसारखी करणे. त्यानंतर तीनेकशे वर्षांनी बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने काळ्या दगडावर कायदा कोरवला. तो दगड १९०१ साली इराणमधल्या सुसा इथे सापडला आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्या कायद्यात व्याजाचा दर ठरवला आहे. धान्याच्या कर्जावर तिसरा हिस्सा, चांदीच्या कर्जावर पाचवा हिस्सा. आपल्याकडच्या सवाई-दिढीशी तुलना केली तर धान्याचा दर या दोहोंच्या मध्ये येतो. आणि देताना लहान माप, घेताना मोठे माप वापरणाऱ्या सावकाराला शिक्षा कोणती? त्याने दिलेले सारे बुडाले!

कायदा दगडावर कोरला म्हणून तो प्रत्येक खळ्यावर पाळला गेला असेल असे समजायचे कारण नाही. पण असा कायदा करावा लागला, यावरूनच मापातली लबाडी किती मुरलेली होती ते कळते.

बांध आणि काटकोन

आता जमिनीकडे वळू. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे मोजणीदाराच्या शंकू साखळीचे गणित जुन्या शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. साखळी तेहतीस फुटांची. मेसोपोटेमियात साखळीच्या जागी दोरी होती, सुमारे साठ मीटरची. एक दोरी लांब आणि एक दोरी रुंद म्हणजे एक इकू. आजच्या मापात सुमारे ३६ आर, आपल्या एकराला थोडे कमी.

पण शेत कधी पाटासारखे सरळ चौकोनी असते का? एक बांध लांब, समोरचा आखूड, कोपरे तिरके. तिथले मोजणीदार त्यावर एक सोपी रीत वापरत. समोरासमोरच्या दोन बांधांची सरासरी काढायची. उरलेल्या दोन बांधांचीही सरासरी काढायची. दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार म्हणजे क्षेत्र. उरूकच्या जुन्या पाट्यांपासून ही रीत दिसते. सोपी आहे, पण तिच्यात एक खोड आहे. ती आपणच तपासून पाहू.

समजा, एका शेताचे चारही बांध शंभर-शंभर मीटरचे आहेत. सरासरीच्या रीतीने क्षेत्र झाले १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० चौरस मीटर, पुरे एक हेक्टर. पण शेत शंकरपाळ्यासारखे तिरके आहे. समोरासमोरचे कोपरे जोडून मोजले तर एक कर्ण १६० मीटर आणि दुसरा १२० मीटर भरतो. अशा शेताचे खरे क्षेत्र दोन कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मे, म्हणजे ९,६०० चौरस मीटर. कागदावर १०० आर, जमिनीवर ९६. चार आर, म्हणजे जवळजवळ चार गुंठे, निव्वळ रीतीतून निघाले!

आणि ही चूक कधी शेतकऱ्याच्या बाजूने होत नाही. चारही कोपरे काटकोनात असतील तर उत्तर बरोबर येते. नाहीतर नेहमी जास्तच येते. मोजणीदार लबाड होता असे मुळीच नाही, त्याला शिकवलेली रीतच ती. पण शेतातून किती धान्य यायला हवे याचा सरकारी अंदाज क्षेत्रावरून बांधला जाई. क्षेत्र फुगले की अंदाज फुगला आणि अंदाज फुगला की देणे फुगले.

यावर उपाय एकच, काटकोन नीट काढणे. गवंडी जोत्याची आखणी करताना तीन, चार आणि पाचाच्या मापाने दोरी ताणून कोपरा काटकोनात आहे का ते पाहतो. हीच युक्ती बाबिलोनच्या मोजणीदारांना येत होती आणि तीन-चार-पाचाच्या पुढेही येत होती. सिप्पर गावी १८९४ साली सापडलेली आणि आज इस्तंबूलमध्ये असलेली एक गोल पाटी बरीच वर्षे तशीच पडून होती. ऑस्ट्रेलियातले गणितज्ञ डॅनियल मॅन्सफील्ड यांनी २०२१ साली तिचा अर्थ प्रसिद्ध केला. ती एका शेताची मोजणी आहे. शेताचा काही भाग विकला गेल्याने नवी हद्द आखलेली आहे. पाणथळ जागा दाखवली आहे, खळे दाखवले आहे. आणि हद्दीच्या रेषा काटकोनात याव्यात म्हणून ५-१२-१३ आणि ८-१५-१७ अशी मापे घेतली आहेत. पाच आणि बारा बाजू असलेल्या काटकोनाचा कर्ण बरोबर तेरा भरतो, आठ आणि पंधराचा बरोबर सतरा. शाळेत ज्याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणून शिकवतात, तो पायथागोरसच्या जन्मापूर्वी हजारावर वर्षे बाबिलोनच्या मोजणीदाराच्या हाती होता. आपल्याकडेही शुल्बसूत्रांत यज्ञाची वेदी आखण्यासाठी दोरीचे असेच गणित आले आहे. तिथे वेदी, इथे बांध, दोरी दोन्हीकडे.

एवढा नेमका काटकोन का हवा होता, हे ज्याने बांधावरून भावकीतले भांडण पाहिले आहे त्याला सांगायला नको.

धोंड्याचा महिना आणि वसुलीची तारीख

माप झाले, जमीन झाली. तिसरा हिशेब काळाचा. मेसोपोटेमियातला महिना चंद्राचा होता. चंद्रकोर दिसली की नवा महिना. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. पण पिकाचे वर्ष सूर्याचे, ३६५ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो. तीन वर्षांत तो महिनाभराचा होतो. काही केले नाही तर सोळा-सतरा वर्षांत काढणीचा महिना पेरणीच्या दिवसांत येऊन बसतो.

म्हणून अधूनमधून एक महिना वाढवायचा, म्हणजे आपला अधिक महिना, धोंड्याचा महिना. सुरुवातीला तो केव्हा धरायचा हे राजा ठरवी. आणि इथेच एक मोठी गमतीची, पण शेतकऱ्याच्या पोटाशी गाठ असलेली गोष्ट घडली. हम्मुराबीने आपल्या सिन-इद्दिनम या अधिकाऱ्याला पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात राजा कळवतो की यंदा वर्षात तूट आहे, तेव्हा उलूलू या सहाव्या महिन्यानंतर दुसरा उलूलू धरावा. झाले, अधिक महिना जाहीर झाला. पण पुढे काय म्हणतो? जो कर तश्रीतू या सातव्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी बाबिलोनला पोहोचायचा होता, तो आता दुसऱ्या उलूलूच्या पंचविसाव्या दिवशी पोहोचला पाहिजे!

थोडक्यात, पंचांगात महिना वाढला, पण वसुलीला एका दिवसाचीही सवलत नाही. राजाचा हिशेब चोख होता असे म्हणता येईल. अधिक महिन्याने दिवस काही वाढत नाहीत, नाव तेवढे बदलते. पण सातव्या महिन्यावर भिस्त ठेवून बसलेल्या माणसाला हे पत्र पोहोचले तेव्हा काय वाटले असेल ते आपण समजू शकतो. जून-जुलैत परिपत्रक आले की तारखा कशा हलतात हे गावच्या कार्यालयात बसणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

पुढे ही मनमानी कमी होत गेली. आकाशातल्या खुणा ठरल्या. इ.स.पू. १००० च्या सुमारास रूढ असलेल्या एका खगोल-ग्रंथात नियम आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशी चंद्र कृत्तिकांच्या जोडीला दिसला तर वर्ष ठीक. तिसऱ्या दिवशी दिसला तर महिना वाढवावा. मृग-आर्द्रा पाहून पेरणीचा विचार करणाऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही. इ.स.पू. पाचव्या शतकापर्यंत तर बाबिलोनी ज्योतिष्यांनी पक्के चक्रच बसवले. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने. एकोणीस गुणिले बारा म्हणजे २२८, अधिक सात म्हणजे २३५ चांद्र महिने, आणि तेवढ्यात सूर्याची एकोणीस वर्षे जवळजवळ नेमकी बसतात. आता राजाच्या पत्राची वाट पाहायला नको. तारीख आधीच कळायची.

आपला अधिक मास वेगळ्या नियमाने ठरतो. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक. पण चंद्र तोच आणि सूर्य तोच, तेव्हा एकोणीस वर्षांचे गणित इथेही डोकावते. घरात जुनी दिनदर्शिका असेल तर पाहा. २००४ साली अधिक श्रावण होता आणि बरोबर एकोणीस वर्षांनी, २०२३ सालीही अधिक श्रावणच आला.

चंद्राचे वर्ष आणि पिकाचे वर्ष यांचा हा तंटा आपल्या महसुलातही आहे. हिजरी सन शुद्ध चंद्राचा, त्यात अधिक महिना नाही, म्हणून त्याचे सण साऱ्या ऋतूंतून फिरतात. त्यावर सारा वसूल करणे अवघड, म्हणून पिकावर बांधलेला फसली सन निघाला. मराठी कागदपत्रांतला शुहूर सनही असाच. सूर्य मृगात गेला की तो बदलायचा, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. आजही आपले महसुली वर्ष जानेवारीत किंवा एप्रिलमध्ये सुरू न होता १ ऑगस्टला सुरू होते. पिकाला धरून चालणारा काळ आणि कार्यालयाचा काळ जुळवण्याची ही खटपट चार हजार वर्षे जुनी आहे.

पाटी भिजवण्याचा कायदा

शेवटची गोष्ट दुष्काळाची. हम्मुराबीच्या कायद्यातले ४८ वे कलम प्रत्येक शेतकऱ्याने माहीत करून घ्यावे असे आहे. एखाद्यावर कर्ज आहे आणि वादळाने त्याच्या शेताची नासाडी केली, पूर आला किंवा पाण्यावाचून पीकच उगवले नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य द्यायचे नाही. त्याने आपली पाटी भिजवायची, आणि त्या वर्षाचे व्याजही द्यायचे नाही.

पाटी भिजवायची म्हणजे काय? पाटी कच्च्या मातीची. पाणी लावले की मऊ होते, जुना मजकूर पुसून नवा लिहिता येतो. म्हणजे कर्जाचे पुनर्गठनच! फरक एवढा की इथे व्याज थकबाकीत जमा न होता सुटून जाते.

याच कायद्यात आणखी एक शहाणपण आहे. पाटाचे पाणी निष्काळजीपणे सोडून शेजाऱ्याचे शेत बुडवले तर भरपाई किती? नुकसान झालेल्याने सांगावे तेवढी नाही आणि करणाऱ्याने मान्य करावी तेवढीही नाही. आसपासच्या शेतांना जो उतारा पडला त्यावरून धान्य मोजून द्यायचे. पीककापणी प्रयोगाची कल्पना याहून फार वेगळी नाही.

बाबिलोनचे राजे अधूनमधून कर्जमाफीही जाहीर करत. हम्मुराबीच्या वंशातला राजा अम्मी-सदूका याचा इ.स.पू. सतराव्या शतकातला असा हुकूम मिळाला आहे. त्यात पोटासाठी काढलेली धान्याची आणि चांदीची कर्जे रद्द केली आहेत, पण व्यापारातले भांडवल वगळले आहे. कोणते कर्ज गरजेचे आणि कोणते धंद्याचे, हा वाद तेव्हाही होता असे दिसते.

या साऱ्या गोष्टींतून एक धागा स्पष्ट दिसतो. गणित, माप आणि पंचांग ही तिन्ही हत्यारे शेतकरी आणि कचेरी यांच्यातल्या व्यवहारातून घडली. ती जेव्हा दोन्ही बाजूंना तपासता आली तेव्हा त्यांनी भांडण मिटवले. एकाच बाजूच्या हाती राहिली तेव्हा चार गुंठे फुगले आणि तारीख एका पत्राने बदलली. म्हणूनच गोळ्यातला खडा, पाकिटातली पाटी, देवळातले माप आणि बांधावरचा काटकोन यांची गरज पडली. या साऱ्यांचे काम एकच: दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागू नये.

आज तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, पाटीवर लिहीत नाहीत. सात-बारा संगणकावर आहे, मोजणी यंत्राने होते आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाईलवर स्वतः करायची आहे. साधने बदलली, प्रश्न तोच. उताऱ्यावर क्षेत्र किती लिहिले आहे, पीक कोणते लिहिले आहे, बोजा किती दाखवला आहे, हे आपण स्वतः वाचले का? वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला बसवून वाचून घेतले का? आणि कार्यालयात बसणाऱ्यांनी, समोरच्याला आकडा समजला की नाही हे विचारले का?

नुझीच्या धनगराला अक्षर येत नव्हते. तरी त्याच्या हिशेबाच्या गोळ्यात त्याच्यासाठी खडे घालायला कोणी विसरले नाही.